धुराची तारीख

माझ्या कपाटात एकाच नावाच्या धुरकट स्कॉच व्हिस्कीच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोन्हींची काच हिरवी आहे, दोन्हींवर 'आर्डबेग' असे लिहिले आहे, दोन्हींवर दहा वर्षे हे वय छापलेले आहे आणि दोन्हींतल्या मद्यार्काचे प्रमाण ४६ टक्के आहे. एक मी २००७ च्या शरद ऋतूत ग्लासगोच्या एका दुकानातून घेतली, तर दुसरी भाच्याने २०१९ मध्ये परदेशातून येताना विमानतळावरून आणली. दुकानदाराच्या लेखी हा एकच माल आहे. कंपनीच्या लेखीही तो एकच असावा, कारण वेष्टनावर तसा फरक कुठेही सांगितलेला नाही. फरक सापडतो तो काचेच्या तळाशी, बाटली दिव्याकडे तिरकी धरली तरच दिसेल अशा फिकट अक्षरांत. जुन्या बाटलीवरचा क्रमांक 'एल ७ ०८६' असा सुरू होतो, म्हणजे २००७ सालातला ८६ वा दिवस, २७ मार्च. नवी बाटली २०१८ मध्ये भरलेली आहे. या दोन तारखांच्या मधल्या अकरा वर्षांत नेमके काय बदलले, हा प्रश्न मला बरीच वर्षे पुरला आहे.

ज्यांनी धुरकट स्कॉच कधी हुंगलेली नाही त्यांना तिचा वास सांगणे कठीण नाही. तो सहन कसा होतो हे सांगणे कठीण आहे. २००६ मध्ये नोकरीनिमित्त ग्लासगोला गेलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एका सहकाऱ्याने माझ्यापुढे लाफ्रॉयग नावाची धुरकट स्कॉच ठेवली. ग्लास नाकाशी नेताच मला आमच्या गावच्या डॉक्टरांचा दवाखाना आठवला. तिथे गुडघ्यावर ओतले जाणारे टिंक्चर आयोडीन, कोपऱ्यातल्या बादलीतले फिनेल, बाहेर अंगणात धुमसणाऱ्या ओल्या गोवऱ्या आणि पलीकडच्या घराच्या छपरावर वाळत घातलेले बोंबील हे सगळे वास एका ग्लासात कोणीतरी कोंबले होते. मी तो ग्लास संपवला तो केवळ संकोचापोटी. चौथ्या की पाचव्या वेळी मात्र त्याच वासाची ओढ लागली आणि मग इतर व्हिस्की गोडमिट्ट, मिळमिळीत वाटू लागल्या. हे व्यसनाचे वर्णन आहे असे माझ्या वडिलांनी म्हटले असते आणि त्यांचे फारसे चुकले नसते.

आवड लागली त्याच आठवड्यात एक तक्रारही कानी पडली. 'ही आता पूर्वीसारखी राहिली नाही,' असे तोच सहकारी म्हणाला. त्याच्याहून वयाने मोठे असलेले लोक त्याच्या 'पूर्वी'च्याही आधीच्या 'पूर्वी'ची आठवण काढत. मला त्या वेळी वाटले की पुण्यातल्या मिसळीबद्दल, मुंबईतल्या लोकलबद्दल आणि मराठी नाटकांबद्दल आपण जे बोलतो तेच हे स्कॉटिश माणसे व्हिस्कीबद्दल बोलतात आणि त्याला तेवढाच अर्थ आहे. पुढे कळले की या तक्रारीतला काही भाग निव्वळ म्हातारपणाचा असला तरी काही भाग शब्दशः खरा आहे, आणि तो कॅलेंडर पुढ्यात ठेवून वजाबाकीने सिद्ध करता येतो.

आधी हा धूर येतो कुठून, ते पाहू. आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे वाऱ्याने झोडपलेले बेट आहे. झाडे मोजकी, कोळशाच्या खाणी नाहीत. जमिनीत मात्र पीट विपुल आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साठत गेलेल्या शेवाळाचा, हेदरच्या झुडपांचा आणि गवताचा अर्धवट कुजलेला थर. तो वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. कुदळीने विटांसारखे तुकडे कापायचे, ते उन्हावाऱ्यात वाळवायचे आणि जाळायचे, हे तिथले पिढ्यान्‌पिढ्यांचे सरपण. व्हिस्कीसाठी सातू भिजवून त्याला मोड आणतात आणि मग ते मोड वाढू नयेत म्हणून भट्टीत वाळवतात. दाणे ओलसर असताना खाली पीट जाळले, तर त्याच्या धुरातले फेनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल यांसारखे पदार्थ दाण्याच्या टरफलाला चिकटतात. दवाखान्याचा, डांबराचा आणि चुलीचा वास यांचाच. किती चिकटले ते दशलक्षात इतके भाग अशा हिशोबाने मोजतात. आयलावर व्हिस्की गाळणाऱ्या डिस्टिलऱ्यांपैकी लागावूलिन आणि कूल ईला यांच्या सातूत साधारण ३५, लाफ्रॉयगच्या ४० ते ४५, आर्डबेगच्या सुमारे ५५. ब्रुक्लाडीच्या डिस्टिलरीने 'ऑक्टोमोर' या व्हिस्कीच्या एका आवृत्तीसाठी हा आकडा ३०० च्याही पलीकडे नेला होता.

हौशी मंडळी हे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे पाठ करतात, पण ते मोजलेले असतात वाळवलेल्या सातूत. बाटलीतल्या द्रवाशी त्यांचे नाते बरेच दूरचे. सातू भरडून त्याचा गोड काढा केला, तो आंबवला आणि तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातित केला की धुराचा निम्म्याहून अधिक भाग वाटेतच गळून पडतो. किती गळतो हे ठरते ते मुख्यतः धार कुठे तोडली यावर.

धारेच्या बाबतीत आपल्याकडची आणि त्यांची समजूत अगदी उलट आहे. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' हे दारूचे सर्वोच्च प्रशस्तिपत्र आहे. ते विशेषण आपण माणसांनाही लावतो. स्कॉटलंडमध्ये पहिली धार बाजूला काढून पुन्हा भांड्यात टाकतात, कारण तिच्यात नको असलेले उडते, उग्र पदार्थ असतात. लाफ्रॉयगमध्ये तर ही पहिली धार चांगली पाऊण तास जाऊ देतात. मग येणारी मधली धार पिंपात जाते आणि शेवटची, पाणचट होत जाणारी धार पुन्हा परत फिरवली जाते. फेनॉल जड असल्यामुळे ते उशिरा येतात. मधल्या धारेच्या उत्तरार्धात धूर वाढत जातो. म्हणजे मधली धार थोडी लवकर तोडली तर अर्क स्वच्छ, फळांच्या वासाचा आणि कमी धुरकट. थोडी उशिरा तोडली तर जड, तेलकट आणि डांबरी. लागावूलिन आणि कूल ईला या दोन्ही डिस्टिलऱ्या पोर्ट एलन गावातल्या एकाच कारखान्यातला, सारख्याच धुराचा सातू वापरतात, तरी एकीची व्हिस्की शेकोटीच्या राखेसारखी घनगंभीर आणि दुसरीची समुद्रावरच्या वाऱ्यासारखी हलकी का, याचे उत्तर भांड्यांचे आकार, ती किती भरली जातात आणि धार कुठे तोडली जाते यांत आहे. नळ फिरवण्याची वेळ थोडी सरकली तर दहा वर्षांनंतर कोणाच्या तरी ग्लासात काय पडेल, याचा विचार केला की त्या माणसाच्या कामाचे दडपण येते.

मग अर्क पिंपात जातो आणि तिथून पुढे हिशोब आणखी विस्कटतो. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी निदान तीन वर्षे ओकच्या लाकडात राहावे लागते. बहुतेक पिंपे अमेरिकेतून येतात. त्यांत आधी बर्बन ही तिथली व्हिस्की मुरलेली असते. काही स्पेनमधल्या शेरी या वाइनची असतात. पहिल्यांदा भरलेले पिंप व्हॅनिला आणि नारळाचा गोडवा भरभरून देते. तिसऱ्या-चौथ्यांदा भरलेले पिंप जवळजवळ काहीच देत नाही, केवळ अर्काला शांतपणे श्वास घेऊ देते. दरवर्षी सुमारे दोन टक्के भाग लाकडातून उडून जातो, आणि वर्षे जातात तसा धूरही मंदावत जातो. म्हणूनच पंचवीस वर्षांची आयलाची व्हिस्की दहा वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा सौम्य असते. वय वाढल्यावर तिखटपणा कमी होणे हा नियम माणसांना लागू पडतोच असे नाही, इथे मात्र तो पडतो.

आता आर्डबेगकडे वळतो, कारण बाटलीवरचा वयाचा आकडा काय सांगतो आणि काय लपवतो याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला माहीत नाही. स्कॉचच्या कायद्यानुसार वेष्टनावर छापलेले वय हे बाटलीतल्या सर्वांत तरुण थेंबाचे असते. दहा लिहिले असेल तर दहाहून कमी काही नसते; जास्त कितीही असू शकते. आर्डबेग १९८१ मध्ये बंद पडली. तो काळ स्कॉच उद्योगासाठी वाईट होता. गोदामांत न विकलेली व्हिस्की तुंबली होती आणि १९८३ मध्ये तर आयलाच्याच पोर्ट एलनसह अनेक डिस्टिलऱ्यांना टाळे लागले. आर्डबेग १९८९ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण वर्षातले थोडेच दिवस चालायची. १९९६ च्या जुलैत ती पुन्हा बंद झाली. १९९७ मध्ये ग्लेनमोरांजी कंपनीने ती ७० लाख पौंडांना विकत घेतली आणि त्या उन्हाळ्यात भट्ट्या पुन्हा पेटल्या. २००० साली नव्या मालकांनी दहा वर्षांची आर्डबेग बाजारात आणली.

आता वजाबाकी. २००० साली भरलेल्या बाटलीत दहा वर्षांहून तरुण काही चालत नाही, म्हणजे १९९० नंतरचे काही नाही. १९८१ ते १९८९ या काळात डिस्टिलरी बंद, म्हणजे तेव्हाचे काही असणेच शक्य नाही. उरले काय? १९८९-९० मधला थोडासा अर्क, आणि त्याच्या आधीचे हवे असेल तर थेट १९८१ वा त्याआधीचा, म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा आणि त्याहून जुना माल. माझी २७ मार्च २००७ ची बाटली घ्या. तिच्या बरोबर दहा वर्षे आधी, १९९७ च्या मार्चमध्ये, डिस्टिलरी बंद होती. ती १९९६ च्या जुलैपासूनच बंद होती. म्हणून माझ्या बाटलीतला सर्वांत तरुण थेंबसुद्धा दहा वर्षे आणि आठ महिन्यांचा आहे. वेष्टन 'दहा' म्हणते आणि खोटे बोलत नाही; पण ही दहा जवळजवळ अकरा आहे, आणि तिच्यातला सगळा अर्क जुन्या मालकांच्या काळात, जुन्या सवयींनी, अधूनमधून पेटणाऱ्या भट्ट्यांवर निघालेला आणि त्यांनीच निवडलेल्या पिंपांत मुरू लागलेला आहे.

नव्या मालकांना ही पोकळी पुरती ठाऊक होती. १९९८ मध्ये गाळलेला अर्क त्यांनी दहा वर्षांचा होण्याआधीच टप्प्याटप्प्याने विकायला काढला: २००४ मध्ये 'व्हेरी यंग', २००६ मध्ये 'स्टिल यंग', २००७ मध्ये 'ऑलमोस्ट देअर' आणि २००८ मध्ये, दहा वर्षे भरल्यावर, 'रेनेसान्स'. मुलाच्या उंचीच्या खुणा भिंतीवर कराव्यात तसा हा प्रकार होता. तो विक्रीचा डाव होता हे उघड आहे, पण असा डाव मला आवडतो, कारण त्याने गिऱ्हाइकाला काळाचे गणित दाखवले. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या सगळ्या बाटल्या बहुतांशी नव्या राजवटीच्या. ग्लेनमोरांजीची ख्याती लाकडाच्या निवडीसाठी आहे आणि नव्या आर्डबेगमधला लिंबू-व्हॅनिलाचा उजळ गोडवा मला त्याच ख्यातीशी जुळणारा वाटतो.

२००७ च्या मे महिन्यात मी आयलाला गेलो होतो. केनाक्रेगहून सुटणारी बोट पोर्ट एलनला उतरवते, आणि तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने चालत गेले की तीन मैलांच्या आत लाफ्रॉयग, लागावूलिन आणि आर्डबेग अशा तीन डिस्टिलऱ्या ओळीने लागतात. पंढरीच्या वाटेवरचे मुक्काम मोजावेत तसे लोक त्या मोजतात. लाफ्रॉयगमध्ये सातू अजून जमिनीवर पसरून फावड्याने उलथतात, पण त्यातून त्यांची जेमतेम एक पंचमांश गरज भागते. उरलेला सातू बाहेरून येतो. लागावूलिनने स्वतःचा सातू वाळवणे १९७४ मध्येच सोडले. आर्डबेगच्या जुन्या भट्टीच्या इमारतीत आता उपाहारगृह आहे. जिथे एकेकाळी पीटच्या धुरात सातू वाळत असे तिथे बसून मी गरम सूप प्यायलो आणि भिंतींना अजून वास येतो का ते पाहण्यासाठी, कोणी बघत नाहीसे पाहून, एका दगडाला नाक लावले. वास आला तो सुपाचाच. आयलावरच्या बहुतेक डिस्टिलऱ्यांना बरीच वर्षे सातू पुरवत आलेला पोर्ट एलनचा मोठा कारखाना १९७३ मध्ये सुरू झाला. यंत्राने वाळवलेल्या सातूत धुराचे प्रमाण मोजूनमापून राखता येते, ही सोय मोठीच. जुन्या पद्धतीत वारा पडला, पीट ओले निघाले, भट्टी सांभाळणाऱ्याला डुलकी लागली की आकडा वरखाली व्हायचा. जुन्या बाटल्यांच्या थोरवीचे पोवाडे गाणारे लोक त्या काळातल्या वाईट बाटल्यांविषयी मौन पाळतात, कारण वाईट बाटल्या कोणी जपून ठेवत नाही. आज लिलावात दिसतात त्या आधीच निवडून उरलेल्या.

लागावूलिनची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे. तिची सोळा वर्षांची व्हिस्की १९८८ मध्ये निवडक मॉल्ट व्हिस्कींच्या एका संचात घालून जगभर विकायला सुरुवात झाली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. मात्र सोळा वर्षांची व्हिस्की वाढत्या मागणीला आज होकार देऊ शकत नाही. तिचा होकार सोळा वर्षे आधी दिलेला असावा लागतो. १९८० च्या दशकातल्या मंदीत लागावूलिनच्या भट्ट्या आठवड्यातले दोनच दिवस चालत. त्याची किंमत २००० नंतरच्या वर्षांत दिसली: बाटल्या मिळेनाशा झाल्या आणि दुकानदार गिऱ्हाइकाला एकाहून अधिक देईनासे झाले. मी ग्लासगोत असताना तो तुटवडा ओसरत आला होता. त्या काळातली कुठलीही विशिष्ट बाटली वाईट होती असे मी म्हणणार नाही, पण जेव्हा पिंपे मोजकीच असतात तेव्हा निवडणाऱ्याच्या हाती निवड कमी असते, एवढे तर कोणत्याही भाजी घेणाऱ्याला कळते. नव्वदच्या दशकातल्या, वेष्टनावर 'व्हाइट हॉर्स' हे नाव असलेल्या लागावूलिनसाठी संग्राहक आज बरेच पैसे मोजतात. मी ती एकदा, एकच घोट, चाखली आहे. ती मला अधिक जड आणि अधिक गोड वाटली, पण ज्याने ती दिली त्याने आधी पंधरा मिनिटे तिचे गुणगान केले होते, त्यामुळे माझ्या त्या मताला साक्षीपुराव्याची किंमत नाही.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे बोमोर हे एकच उत्तर आहे. १७७९ पासूनची ही डिस्टिलरी, आयलावरची सर्वांत जुनी. १९६० च्या दशकातला तिचा अर्क आंबा-पपईच्या वासासाठी जाणकारांत दंतकथा होऊन बसला आहे. त्याच डिस्टिलरीत ऐंशीच्या दशकात गाळलेल्या अर्काला अत्तराचा, लॅव्हेंडरच्या साबणाचा असा काही वास येई की धूर त्याखाली गुदमरून जाई. कारणांबद्दल जाणकार अजून भांडतात. वासाबद्दल फारसा वाद नाही. या अर्काच्या बाटल्या पुढे बरीच वर्षे बाजारात येत राहिल्या, कारण चूक १९८० च्या दशकात झाली तरी ती गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचायला बारा-पंधरा वर्षे लागतात, आणि दुरुस्ती झाली तरी तिलाही तेवढीच वर्षे लागतात. मी ग्लासगोत एका जुन्या बाटलीतून तिचा घोट घेतला तेव्हा लग्नाच्या मांडवात गुलाबपाणी शिंपडणाऱ्याने चुकून तोंडावरच झारी रिकामी करावी तसे झाले. आजची बोमोर तिच्यापेक्षा निःसंशय चांगली आहे.

मला मनापासून आदर वाटतो तो लाफ्रॉयगच्या दहा वर्षांच्या, पाणी न मिसळता भरलेल्या व्हिस्कीचा. २००९ पासून तिच्या प्रत्येक खेपेवर क्रमांक, महिना आणि साल छापतात. तिसऱ्या खेपेचे मद्यार्काचे प्रमाण ५५.३ टक्के होते, आठव्या खेपेचे ५९.२. 'आम्ही दरवेळी तेच देतो' असा दावाच नाही. यंदा हे असे निघाले, घ्या, एवढेच म्हणणे आहे. याच डिस्टिलरीची नेहमीची दहा वर्षांची व्हिस्की ब्रिटनमध्ये ४० टक्क्यांनी आणि अमेरिकेत ४३ टक्क्यांनी विकली जाते, आणि परदेशातून आणलेल्या व भारतात घेतलेल्या स्कॉचची तुलना करताना आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या अनेक बाटल्यांवर ४२.८ टक्के हा आकडा असतो, हे आपणही विसरतो. दोन-तीन टक्के पाण्याने धुराच्या तेलकटपणात फरक पडतो. 'विमानतळावरची वेगळी लागते' असे म्हणणाऱ्या माणसाला हसण्याआधी दोन्ही बाटल्यांवरचे आकडे वाचावेत.

सारखेपणा राखणे हे मुळात किती अवघड काम आहे, ते मला आमच्या घरच्या काळ्या मसाल्यावरून कळते. आई दर एप्रिलमध्ये त्याच वहीतल्या त्याच प्रमाणाने मसाला करायची, आणि दरवर्षी जूनमध्ये आमटी पहिल्यांदा ओरपताना वडील म्हणायचे, 'यंदा दगडफूल जास्त पडलंय.' दगडफूल तेवढेच होते; धने वेगळ्या शेतातले होते, मिरची वेगळ्या उन्हात वाळली होती. व्हिस्की भरणाऱ्याकडे निदान एक सोय असते: शेकडो पिंपांतला माल एकत्र करताना एका पिंपाचा तुसडेपणा दुसऱ्याच्या गोडव्याने झाकता येतो, आणि मागच्या खेपांचे नमुने हुंगून नवी खेप त्यांच्या जवळ आणता येते. मोठ्या नावाच्या, मोठ्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत फरक हळूहळू, वर्षांच्या अंतराने पडतो तो यामुळे. एकेका पिंपातून थेट भरलेल्या बाटल्यांत मात्र असे काही झाकता येत नाही.

आपल्याकडेही धुरकट व्हिस्की होते, हे इथे ओघाने सांगायला हवे. गोव्यात कुंकळ्ळीला होणाऱ्या पॉल जॉनच्या काही व्हिस्कींत स्कॉटलंडच्या पीटवर वाळवलेला सातू आहे, आणि बंगळूरच्या अमृतच्या 'फ्यूजन'मध्ये पाव भाग धुरकट स्कॉटिश सातू पडतो. उष्णतेमुळे पिंपातला माल इतक्या वेगाने उडतो की दहा-बारा वर्षे थांबणे परवडत नाही, आणि म्हणून त्यांच्या बहुतेक बाटल्यांवर वयाचा आकडाच नसतो. तिथे वजाबाकी करायला काही मिळत नाही, हे माझ्यासारख्याचे दुःख.

इतका वेळ मी बाटलीतल्या फरकाबद्दल बोललो. पिणाऱ्यातला फरकही मोजायला हवा, आणि इथे माझी बाजू लंगडी पडते. बाटली उघडली की वरच्या रिकाम्या जागेत हवा शिरते आणि काही महिन्यांत धूर बोथट होतो. अर्धी राहिलेली बाटली आणि ताजी फोडलेली बाटली यांची तुलना म्हणजे शिळ्या भाकरीची ताज्या भाकरीशी तुलना. नाक धुराला पाच मिनिटांत सरावते, त्यामुळे पहिला ग्लास नेहमीच दुसऱ्यापेक्षा उग्र ठरतो. जेवणात कांदा-लसणीचा ठेचा असेल तर त्या रात्री कोणत्याच मताला अर्थ नाही. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की २००७ साली त्या व्हिस्कीचा घोट घेणारा माणूस एकतीस वर्षांचा होता, परदेशात एकटा राहत होता, बाहेर पाऊस पडत होता आणि त्याला हे सगळे नवे होते. आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पुण्यात, मे महिन्यात पंख्याखाली बसून मी जेव्हा म्हणतो की जुनी आर्डबेग अधिक खोल होती, तेव्हा मी बाटलीचे वर्णन करत असतो की त्या खोलीचे, हे मला ठरवता येत नव्हते.

म्हणून गेल्या डिसेंबरात मी परीक्षा घ्यायचे ठरवले. त्याआधी वर्षभर दोन्ही बाटल्या सीलबंद ठेवल्या आणि एकाच संध्याकाळी उघडल्या. जुन्या बाटलीचे बूच उघडताना मोडले आणि त्याचा चुरा गाळणीने गाळावा लागला, हा अपशकुन मी मनावर घेतला नाही. परीक्षक म्हणून बायकोची निवड केली, कारण ती दारूला शिवत नाही आणि त्यामुळे तिला कोणत्याही निकालात रस नव्हता. पद्धत साधी होती: प्रत्येक वेळी तीन पात्रे, त्यांपैकी दोनांत एकच व्हिस्की आणि एकात दुसरी, मी वेगळे कोणते ते ओळखायचे आणि मग कोणते अधिक आवडले ते सांगायचे. रंगावरून ओळखू नये म्हणून तिने काचेचे ग्लास नाकारून स्टीलची फुलपात्रे घेतली आणि प्रत्येकाच्या बुडाला वेगवेगळ्या रंगाची टिकली चिकटवली. नोंदी दुधाच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानावर. एका रात्री एकच फेरी, अशा नऊ रात्री. निव्वळ नशिबाने नवांतून तीन बरोबर यावेत.

माझे सहा बरोबर आले. म्हणजे फरक आहे, आणि बहुतेक वेळा तो मला कळतो, पण ज्या तोऱ्यात मी तो मित्रांना सांगत आलो आहे तितक्या ठळकपणे नक्कीच नाही. चुकलेल्या तीन रात्रींपैकी एका रात्री मी वेगळ्या ठरवलेल्या फुलपात्राबद्दल पाच मिनिटे बोललो होतो: जुने डांबर, भिजलेला सुंभ, संत्र्याची साल. ती व्हिस्की शेजारच्या फुलपात्रातलीच होती. बायकोने ते सगळे शब्द वहीत जसेच्या तसे उतरवले आहेत आणि पाहुण्यांसमोर ते वाचून दाखवण्याचा हक्क राखून ठेवला आहे.

आवडीचा निकाल मला आणखी खाली बसवणारा होता. बरोबर ओळखलेल्या सहा रात्रींपैकी चार रात्री मला नवी बाटली अधिक आवडली. जुनीत राख आणि ओल्या दोराचा वास जास्त आहे, घोट गिळल्यावर ती उशिरापर्यंत घशात रेंगाळते. नवी अधिक गोड, अधिक नीटस, लिंबाच्या सालीसारखी टवटवीत आहे. न पाहता पिताना मला ती टवटवी हवीशी वाटली. पाहून पिताना मी आजही आधी जुनीकडेच हात नेतो.

वहीतला हिशोब संपल्यावर दोन्ही बाटल्यांतली उरलेली व्हिस्की मी होमिओपॅथीच्या दुकानातून आणलेल्या काचेच्या छोट्या कुप्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवली आहे, म्हणजे हवेला जागा उरणार नाही. बायकोच्या अक्षरात त्यांवर चिठ्ठ्या आहेत: एकीवर '२७ मार्च २००७', दुसरीवर '२०१८'. आर्डबेगने २०२१ मध्ये नवे भट्टीघर उभारले आणि दोनाच्या जागी चार भांडी बसवली. त्या भांड्यांतला अर्क दहा वर्षांचा होऊन बाटलीत यायला २०३१ उजाडेल. भाच्याला मी आत्तापासूनच सांगून ठेवले आहे. त्याने विचारले, 'मामा, तेव्हा त्यावर तारीख कशी ओळखू?' मी त्याला बाटली दिव्याकडे तिरकी कशी धरायची ते दाखवले. कपाटात दोन कुप्यांच्या शेजारी, तिसरीपुरती जागा मोकळी आहे. सध्या तिथे बायकोने शिवणाच्या दोऱ्यांचा डबा ठेवला आहे.